मामांच्या विहिरीत निघालेल्या गारा: जपायच्या कशा?

रानजाई

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा घाईचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सिन्नर तालुक्यात माझ्या मामांनी नवी विहीर धरली आहे. गेल्या आठवड्यात काम पाच परसावर, म्हणजे साधारण तीस फुटांवर पोचलं. सुरुंग उडवल्यावर पूर्वेच्या अंगाला भिंतीत एक भगदाड पडलं. आत बॅटरी मारली तर सगळा पोकळीचा पोट चमकत होता. खाली गुलाबीसर, गव्हाच्या पेंढ्या उभ्या बांधून ठेवाव्यात तसे स्फटिक, आणि त्यांच्यावर बसलेले पाण्यासारखे स्वच्छ, चौकोनी. सगळ्यात मोठा चौकोनी माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा आहे. दगडाला लागून हिरवट पापुद्रा आहे.

मजुरांनी पहारीने काही काढले, त्यात बरेच फुटले. यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनच्या, डब्यातून मलब्याबरोबरही काही वर आले. मी धावत जाऊन चाळीसेक तुकडे गोळा केले आणि गोणपाटावर मांडून ठेवले आहेत. पोकळीत अजून बराच माल तसाच आहे. मामांनी माझ्यासाठी तिथलं काम चार दिवस थांबवलंय, पण पावसाआधी विहीर बांधून काढायची आहे.

एक चूक झाली, ती सांगते. शेजाऱ्यांनी सांगितलं, की संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये टाका, लख्ख होतील. एक तुकडा टाकला. फेस आला, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर स्वच्छ स्फटिक पांढरट, आंधळा झालेला. फार वाईट वाटलं. बाकीच्यांना अजून हात लावलेला नाही. हे नेमकं काय आहे, धुवायचं कसं, आणि उरलेलं काढायचं कसं?

खडकवेडा

ताई, पहिली गोष्ट: अ‍ॅसिड बंद. तुमचा तुकडा का आंधळा झाला ते सांगतो. फेस आला तो कॅल्साइटचा, ते अ‍ॅसिडमध्ये विरघळतं. पण तुमच्याकडचे बाकीचे दोन्ही स्फटिकही हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडला टिकत नाहीत. त्यांच्यातलं कॅल्शियम निघून जातं आणि वर सिलिकेचा चिकट थर उरतो. तो वाळला की पांढरा पडतो. ती चमक परत आणता येत नाही. पुढे कोणी तांबडे डाग काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड सुचवेल. ते गारगोटीला, म्हणजे क्वार्ट्झला चालतं. कॅल्शियम असलेल्या खनिजांवर त्याचा पांढरा, न विरघळणारा लेप बसू शकतो, म्हणून तेही नको.

वर्णनावरून पेंढ्यांसारखे गुलाबीसर ते स्टिल्बाइट आणि त्यावरचे चौकोनी ते अ‍ॅपोफिलाइट. ही जोडी आपल्या महाराष्ट्राची ओळख आहे. जगातल्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयाच्या खनिज दालनात ही जोडी आणि खाली महाराष्ट्रातल्या एखाद्या जागेची चिठ्ठी सापडते.

खात्री अशी करा. चौकोनी स्फटिक हातात फिरवून बघा. वरचा आणि खालचा सपाट पृष्ठभाग मोत्यासारखा झाक मारेल, बाजूचे चार पृष्ठभाग काचेसारखे लखलखीत असतील आणि त्यांवर उभ्या बारीक रेघा दिसतील. कोपरे छाटल्यासारखे असतील. असं असेल तर अ‍ॅपोफिलाइट नक्की. त्या मोतिया पृष्ठभागाला समांतर तो अगदी सहज सोलला जातो. नावही तिथूनच आलंय: तापवला की पानांसारखे पापुद्रे सुटतात, म्हणून ग्रीक शब्दांवरून ते नाव दिलं गेलं. ठोका लागला की त्याच पातळीत तुटतो, हे मात्र कायम डोक्यात ठेवा.

धुण्याबद्दल. टबात तळाला जाड टॉवेल घाला, साधं पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश. गरम पाणी नको, आणि उन्हात वाळवणं नको, सावलीत वाळवा. या स्फटिकांच्या घडणीतच पाणी असतं आणि तापमानाचा झटका त्यांना सोसत नाही. चिकटलेली माती निघत नसेल तर दोन दिवस पाण्यात भिजू द्या, मग बांबूच्या काडीने टोकरा. लोखंडाची सुई वापरू नका, स्टिल्बाइटवर ओरखडे येतात.

कापसासारखे गोळे किंवा केसांसारख्या सुया असलेला एखादा तुकडा निघाला तर त्याला पाणी लावू नका. फोटो काढा आणि इथे विचारा.

भूजल_मास्तर

खडकवेडांनी ओळख बरोबर सांगितली. मी विहिरींच्या बाजूने लिहितो, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं.

विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हाच खडक. काळा पाषाण एकसंध, घट्ट असतो. मांजऱ्यात मात्र जागोजागी पांढऱ्या, हिरव्या गाठी असतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर जातात आणि थराच्या माथ्याजवळ अडकतात. म्हणून प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र. बुडबुडे एकमेकांत मिसळले की हातभर, क्वचित माणूस शिरेल एवढी पोकळी होते.

पुढचं काम पाण्याचं. जमिनीतलं कोमट-गरम पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम, सोडियम, सिलिका विरघळवून घेतं आणि पोकळीत आणून ठेवतं. रानजाई, तुम्ही पाहिलेला हिरवट पापुद्रा हा पोकळीच्या भिंतीवर बसलेला सगळ्यात पहिला थर. त्यावर ह्यूलँडाइट, स्टिल्बाइट, आणि अ‍ॅपोफिलाइट बहुतेक वेळा शेवटाकडे. कॅल्साइट तर कधी कधी अगदी शेवटी. म्हणजे तुमच्या तुकड्यात खालून वर वाचत गेलात तर काळाचा क्रम मिळतो. हे सगळं लाव्हा निवल्याबरोबर झालं असंही नाही, काही पोकळ्यांत कोट्यवधी वर्षांनंतरही स्फटिक वाढले आहेत.

एक दुरुस्ती, सर्रास होणाऱ्या चुकीची. लोक या सगळ्यांना सरसकट झिओलाइट म्हणतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट हे झिओलाइट. अ‍ॅपोफिलाइट झिओलाइट नाही, फक्त त्यांच्या पंगतीला बसतो. झिओलाइट हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रोन्स्टेट यांनी दिलं. खनिज तापवल्यावर त्यातलं पाणी उकळून फसफसताना दिसलं, म्हणून ‘उकळणारा दगड’.

क्रशरवरचा

मी नगर रोडला खडीच्या खाणीवर बारा वर्षं सुपरवायझर होतो. काढण्याबद्दल मी सांगतो, कारण अर्धा माल काढतानाच मरतो.

१. सुरुंग उडाल्यावर लगेच खाली उतरू नका. धूर पूर्ण जाऊ द्या. आधी अनुभवी माणसाला भिंत ठोकून बघू द्या, सैल दगड पाडून घ्या. हेल्मेटशिवाय कोणी उतरायचं नाही, ताई तुम्ही तर अजिबात नाही. दगड कितीही सुंदर असू दे.

२. स्फटिकाला पहार लावायची नाही. पोकळीच्या कडेपासून वीतभर लांब, स्फटिक नसलेल्या दगडात छिन्नीने चर मारायचा. मांजऱ्या ठिसूळ असतो, चर पुरेसा खोल गेला की मागून आख्खी पाटी सुटते. सुटायच्या आधी पोकळीत ओलं गोणपाट कोंबून ठेवा, म्हणजे वरून पडणारी चीप खालच्या स्फटिकांवर आदळत नाही.

३. छतापासून सुरुवात, तळ शेवटी. उलट केलंत तर छताचा भुगा तळावर पडतो.

४. यारीच्या डब्यातून वर आणू नका. भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये पेंढा घालून, दोराने, हाताने ओढा.

आणि एक सांगायचंय. ज्याने पहिल्यांदा पोकळी पाहिली आणि घण थांबवला, त्या माणसाला वेगळे पैसे द्या. आमच्या खाणीवर मी कित्येकदा पाहिलंय, पोरं चमकणारा दगड बघून थांबायची आणि मुकादम ओरडायचा, की खडीच्या गाड्या थांबल्यात. सगळं क्रशरमध्ये जायचं. रस्त्याच्या खडीत काय काय गाडलं गेलंय ते आठवलं की जीव तुटतो. जे काही वाचलं ते त्या थांबलेल्या हातांमुळे वाचलं.

निळाई

दादा, नगर रोड म्हणजे वाघोली का? कॅव्हन्साइट तिथलंच ना?

क्रशरवरचा

हो, वाघोलीच्या खाणी. मी लागलो तेव्हा निळ्याचा जोर ओसरला होता, पण जुन्या लोकांनी दाखवलेले तुकडे पाहिलेत. पांढऱ्या स्टिल्बाइटवर मोरपंखी निळे गोंडे. तसा निळा दुसऱ्या दगडात मी पाहिला नाही.

खडकवेडा

निळाई, कॅव्हन्साइट हे नावच त्याच्या घटकांवरून आहे: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन. पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ऑरेगनमध्ये, १९६०च्या दशकात, तेही बारीक दाण्यांत. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीला वाघोलीच्या खाणींतून असे गोंडे निघायला लागले, की जगभरच्या संग्राहकांच्या डोळ्यांचं पारणं फिटलं. त्याच घटकांचं, पण वेगळ्या रचनेचं पेंटागोनाइटही तिथेच मिळालं.

आता सावध करणारी गोष्ट. कॅव्हन्साइट सहज सुटतं, म्हणून सुटे गोंडे दुसऱ्याच स्टिल्बाइटवर गोंदाने चिकटवून विकतात. भिंगाखाली बुडाशी बघा. खरा गोंडा स्टिल्बाइटच्या फटीतून उगवलेला असतो, काही ठिकाणी स्टिल्बाइट त्याच्या अंगावरही चढलेला असतो. चिकटवलेला नुसता बसलेला असतो. अतिनील टॉर्चखाली पुष्कळसे गोंद निळसर पांढरे चमकतात. माझ्याकडे असा एक तुकडा पंचवीस वर्षांपूर्वी आला. तो मी ठेवलाय, चिठ्ठीवर ‘चिकटवलेला’ असं लिहून, आणि नव्या मुलांना तोच आधी दाखवतो.

ओकेनाइटचे, म्हणजे कापसासारख्या दिसणाऱ्या खनिजाचे, निळे, गुलाबी, जांभळे गोळे दिसले तर ते रंगवलेले. ओकेनाइट पांढरंच असतं, फार तर किंचित पिवळसर.

मालाडकर

ओकेनाइटचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्याकडे आजोबांच्या वेळचा एक फुटलेला गोटा आहे, आत पांढरे कापसाचे गोळे. आजोबा मालाडच्या खाणींजवळ राहायचे, तिथूनच आणलेला. लहानपणी आम्ही भावंडांनी बोट लावून लावून दोन गोळे चपटे केले. ते फुलवता येतील का?

खडकवेडा

नाही हो. ते तंतू वाकतात, पण परत उभे राहत नाहीत. पाणी लागलं तर ओल्या मांजराच्या केसांसारखे एकत्र चिकटतात. उरलेल्यांवर धूळ बसू नये म्हणून पारदर्शक डब्यात ठेवा. गोटा बुडाशी डब्याला पुटीने पक्का करा, म्हणजे गोळ्यांना कशाचाच स्पर्श होणार नाही. कापसात कधीही गुंडाळू नका, कापूस तंतूंत अडकला की संपलं. धूळ झटकायला कॅमेऱ्याचा रबरी फुगा.

आणि मालाड, कांदिवलीच्या त्या खाणी आता इमारतींखाली गेल्या. तिथलं प्रेहनाइट, बॅबिंग्टनाइट, गायरोलाइट आता जुन्या संग्रहांतच बघायला मिळतं. आजोबांनी कुठल्या खाणीतून आणला हे घरात कोणाला आठवत असेल तर आजच विचारून लिहून ठेवा. चपटे झालेल्या गोळ्यांपेक्षा ती माहिती हरवणं मला जास्त लागेल.

अ‍ॅरिझोनाची_सून

मी टूसॉनजवळ राहते. इथे दर फेब्रुवारीत खनिजांची जत्रा भरते, १९५५ पासून. सगळं शहर त्यात असतं, हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या करून त्यांत दगड मांडतात. पहिल्या वर्षी गेले तेव्हा एका टेबलावर हिरवं अ‍ॅपोफिलाइट होतं, चिठ्ठी ‘पूना, इंडिया’. माझं माहेर कोथरूडचं. पाषाणच्या टेकडीवर शाळेची सहल गेली होती आमची, आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं, की त्या टेकडीच्या पोटातून असं काही निघालंय. मी तिथेच उभी राहून रडले.

तेव्हापासून जुन्या चिठ्ठ्यांकडे बघत असते. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेचे बोगदे खणताना निघालेले नमुने युरोपातल्या संग्रहालयांत पोचले. घाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला, म्हणजे त्याआधीची ही गोष्ट. पण त्या काळच्या पुष्कळ चिठ्ठ्यांवर नुसतं ‘पूना’. गाव नाही, बोगदा नाही, खोली नाही. जळगावचा मालही ‘पूना’ म्हणून विकला गेलाय, कारण ते नाव खपायचं. आता कोणी कितीही अभ्यास केला तरी तो दगड आपल्या घरी परत जाऊ शकत नाही.

रानजाई, तुझ्याकडे जे आहे ते या जत्रेतल्या महागड्या दगडांकडेही नसतं: पोकळी अजून जागेवर आहे आणि ती पाहणारी माणसं समोर आहेत. धुणं नंतर कर गं. आधी वही घे.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर विहिरीवर होते. हेल्मेट घालून, भिंत ठोकून घेतल्यावर, मामांच्या परवानगीने दहा मिनिटं खाली उतरले. क्रशरवरचे दादा, रागावू नका, सगळी काळजी घेतली होती.

मापं घेतली. पोकळी काठापासून ३१ फुटांवर, तोंड पूर्व-ईशान्येला, रुंदी ३ फूट ४ इंच, उंची पावणेदोन फूट, खोली हात जाईल तितकी. गंमत म्हणजे छतावर अ‍ॅपोफिलाइट अगदी थोडे आणि बारीक. मोठे सगळे तळावर आणि मागच्या भिंतीवर. भूजल_मास्तर, याला काही कारण असेल का?

ज्या दादांनी पहिल्यांदा भगदाड पाहिलं त्यांना विचारलं. ते वडार समाजाचे, तीन पिढ्या विहिरींचंच काम. ते म्हणाले, “सुरुंगाचा आवाज पोकळ आला, तेव्हाच कळलं आत घर आहे.” मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

दोन प्रश्न. मामा म्हणतात एक-दोन विकूया, विहिरीला बराच खर्च झालाय. मला सगळे एकत्र ठेवावेसे वाटतात. तुम्ही काय कराल? आणि चिठ्ठीवर नेमकं काय काय लिहायचं?

भूजल_मास्तर

कारण नक्की सांगायला पोकळी बघावी लागेल. पाण्याने पोकळी नेहमीच पूर्ण भरलेली असते असं नाही, आणि ते कुठून आत येतं, कुठे रेंगाळतं यावरही वाढ ठरते. तुमची नोंद महत्त्वाची आहे. कुठला तुकडा छताचा, कुठला तळाचा हे प्रत्येकावर लिहा. जमलं तर पोकळीचं रेखाचित्र काढा, साधं पेन्सिलीचं चालेल.

खडकवेडा

चिठ्ठीवर: खनिजांची नावं, गाव, तालुका, जिल्हा, विहीर की खाण, खोली, पोकळीतली जागा, काढल्याची तारीख, कोणी काढलं. तुकड्याच्या बुडाशी, जिथे स्फटिक नाही तिथे, पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्या आणि त्यावर काळ्या शाईने क्रमांक. तोच क्रमांक वहीत. चिठ्ठ्या हरवतात, ठिपका राहतो. पुढे कुणाला दिलात तर तुमची चिठ्ठी बरोबर द्या, आणि घेणाऱ्याने ती कधी फेकू नये असं बजावून सांगा.

विकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चाळीसच्या चाळीस घरात ठेवून कुणाचंच भलं होत नाही. स्फटिक शाबूत आहेत का, मांडणी कशी आहे, दगडावर बसलेले आहेत की सुटे, यावर एकेक बघा. तीन-चार सर्वोत्तम निवडा, ज्यांच्या मुख्य स्फटिकाला कुठेही चीप नाही. बाकीच्यांत मोह ठेवू नका. संग्रह वाढतो तो निवडीने. मी पहिली दहा वर्षं पोती भरली, पुढची तीस वर्षं त्यातून काढत बसलोय, आणि आता माझ्या कपाटात साठच नग आहेत. त्यातल्या प्रत्येकाची जागा मला पाठ आहे.

क्रशरवरचा

विकायचं तर विका, काही वाईट नाही. मामांचा खर्च झालाय, मजुरांनाही वाटा मिळू दे. पण पहिल्या आलेल्या व्यापाऱ्याला गोणीच्या भावाने देऊ नका. आधी सिन्नरचंच गारगोटी संग्रहालय बघून या, तुमच्या घराजवळ आहे. के. सी. पांडे यांनी उभं केलेलं. तिथले नग पाहिले, की आपल्या हातात काय आहे याचा अंदाज येतो.

निळाई

एक छोटी विनंती. दोन चांगले तुकडे तिथल्या शाळेला द्या ना. अ‍ॅरिझोनाच्या ताईंनी लिहिलं, की पाषाणच्या टेकडीबद्दल त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या गावच्या मुलांना तरी माहीत असू दे.

मालाडकर

आत्याला फोन केला. ती ८४ वर्षांची आहे. तिला आठवलं, की गोटा आजोबांनी आणला तेव्हा ती सातवीत होती, आणि खाण मालाड पूर्वेला, दिंडोशीच्या बाजूला. लिहून डब्यात ठेवलं.

खडकवेडा

वा! मालाडकर, फार आनंद झाला.

अजून एक, रानजाईंच्या निमित्ताने सगळ्यांसाठी. हे वाचून कोणी नाशिकच्या पांडवलेण्यांत, अजिंठ्याच्या भिंतीत किंवा किल्ल्याच्या कातळात दिसणाऱ्या गारांना छिन्नी लावू नका. ते संरक्षित आहे आणि तिथेच शोभतं. खाणीत, विहिरीत, रस्त्याच्या कामात जे क्रशरमध्ये जाणारच आहे ते वाचवा, तेही मालकाला विचारून. २००१च्या सुमारास राहुरीजवळ मोमीन आखाड्यात एका विहिरीतून गडद हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचे गोल गुच्छ निघाले होते. आज जगातल्या नावाजलेल्या संग्रहांत ते आहेत. विहीरच होती तीही.

रानजाई

शेवटचं कळवते, मग बरेच दिवस इथे येणं होणार नाही.

क्रशरवरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे चर मारून, ओलं गोणपाट कोंबून, वडार दादांनी तळाची एक पाटी सोडवली. दीड फूट लांब. तिच्यावर अकरा अ‍ॅपोफिलाइट, नऊ पूर्ण शाबूत. पुढचा एक मोठा सुटताना कोपऱ्यावर चिरला, तेही वहीत लिहिलंय. ही पाटी घरात राहणार. मामांनीच म्हटलं, ही विकायची नाही.

सोळा नग विकायला काढले आहेत, प्रत्येकाबरोबर चिठ्ठी. येणाऱ्या पैशांतला चौथा हिस्सा खाली उतरलेल्या चौघांना द्यायचा असं मामांनी कबूल केलंय. तीन नग शाळेला दिले, काचेच्या पेटीसकट, छताचा एक, तळाचे दोन, आणि माझं रेखाचित्र. अ‍ॅसिडने आंधळा झालेला तुकडाही त्याच पेटीत ठेवलाय, वेगळ्या चिठ्ठीसह.

पोकळीची मागची भिंत तशीच सोडली. तिथपर्यंत हात पोचत नव्हता आणि अजून फोडायला मन होईना. काल रात्री झरा लागला. सकाळी बघितलं तर पाणी पोकळीच्या तोंडाच्या वर दोन हात आलेलं होतं. मामांनी पहिला हंडा भरून मला दिला. गार होतं, आणि थोडं मचूळ.